काळ्या अभ्रकाची जागा

आमच्या भूगर्भ खात्यात एक शिस्त होती. फिल्डवर उचललेला दगड फेकायचा नाही. त्याला नंबर द्यायचा, जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळायचा आणि पिशवीत टाकायचा. पुढे त्या पिशव्यांचं काय होतं, ते विचारायचं नाही! माझ्या डोक्यात किश्शांचं नेमकं हेच झालंय. एकेक उचलला, ठेवून दिला, फेकवला नाही. आता पिशवीतून एक काढायला जावं, तर त्याच्यामागून चार घरंगळत येतात.

त्यातही एका हंगामाचे फार साचलेत. स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली असतील. आपल्या जिल्ह्याला तेव्हा कुलाबा म्हणत. देशाच्या जमिनीत कुठे काय आहे ते सगळं नकाशावर आलं पाहिजे, असं वरून सारखं सांगणं येत होतं. त्या सांगण्यापायी आम्ही चौघं काशीदच्या वरच्या डोंगरात एका माळावर तंबू ठोकून काळा अभ्रक शोधत बसलो होतो.

तुम्ही ऐकताना हसा, माझी हरकत नाही. पण ते सहा महिने माझी नोकरी टांगणीला होती, एवढं लक्षात ठेवा.

*

सुरुवात झाली ती एका कपाटापासून.

आमचे बोरकर साहेब बिहारच्या डोंगरांतल्या अभ्रकाच्या खाणींत दहा वर्षं काढून आलेले. शांत माणूस, पण अभ्रक म्हटलं की डोळे लुकलुकायचे. "टिपणीस, तिकडे पांढरा अभ्रक शिरेच्या मधोमध असतो आणि काळा कडेला चिकटून," असं मला निदान शंभर वेळा सांगितलं असेल. टिपणीस म्हणजे मी. आमच्या सर्वेक्षण पार्टीतला ड्राफ्ट्समन. साहेब डोंगर हिंडणार आणि मी त्याचा नकाशा काढणार.

तर ऑफिसच्या जुन्या कपाटात साहेबांना एक दगड सापडला. इंग्रजाच्या वेळचा. काळाकुट्ट, आणि त्यात अंगठ्याच्या नखाएवढे अभ्रकाचे काळे पापुद्रे. सोबत चिठ्ठी. चिठ्ठीवर लिहिलेलं, 'काळा अभ्रक, काळ्या दगडाच्या भिंतीतून, कुलाबा किनारा. जागा:' आणि जागेपुढे काहीच नाही!

कोकणात सगळा लाव्ह्याचा काळा दगड. त्यात अभ्रक असतो यावर ऑफिसात कुणाचा विश्वास नव्हता. "बोरकर, टोपी घालून फिरा. ऊन लागतंय तुम्हाला," असं वरच्या साहेबांनी सगळ्यांदेखत म्हटलं. तरी एक हंगाम दिला. मे संपायच्या आत नकाशावर जागा दाखवा, नाहीतर पार्टी बंद.

पार्टी बंद म्हणजे साहेब परत टेबलावर, आणि मी घरी. कारण मी हंगामी. पेणला माझं लग्न ठरलेलं, आणि होणाऱ्या सासऱ्यांचं एकच म्हणणं होतं, "आधी कायम व्हा, मग मुहूर्त काढू." म्हणजे बघा, त्या डोंगरात अभ्रक असण्यानसण्यावर माझं लग्न अडकलं होतं!

निघायच्या दिवशी साहेबांनी ती चिठ्ठी मला दाखवली. "वाळवीने नेमकी जागाच खाल्ली हो!"

मी चिठ्ठी उजेडात धरली. आम्ही ड्राफ्ट्समन लोक ट्रेसिंगच्या कापडावर शाईने रेघ ओढतो. चुकली की दाढीच्या ब्लेडने अलगद खरडतो. हे काम नवशिक्याला जमत नाही, भोक पडतं. मी ते ब्लेड कायम आगपेटीत घालून खिशात बाळगायचो.

"साहेब," मी म्हटलं, "ही वाळवी नाही. हे ब्लेडने खरडलंय. आणि खरडणाऱ्याचा हात बसलेला होता. कागदाला साधी सुरकुती नाही."

साहेबांनी चिठ्ठी परत घेतली. "पण स्वतःच शोधून काढलेली जागा माणूस खोडेल कशाला?"



*

कॅम्पवर बाकीचे दोघं. एक हसनचाचा, मुरूडचे. तीस वर्षं आगबोटीवर स्वयंपाक करून आलेले. आणि दुसरा आमचा वाटाड्या धाकूदादा, तिथल्याच करंजवाडीतला कुणबी. अंगाने काटकुळा, पण डोंगर चढायला लागला की आमचे श्वास मागे राहायचे.

पहिल्या दिवशी तंबू ठोकले, सामान उतरलं, तर चाचांना चूल मांडायला दगड पसंत पडेनात. "हे दगड डुगडुगतात. टोप कलंडला तर साहेब उपाशी!" धाकूदादा वाडीकडे गेला आणि तीन चांगले बसके दगड डोक्यावर घेऊन आला. चाचा खूश. संध्याकाळी पहिला भात त्याच चुलीवर शिजला.

तिसऱ्या दिवशी साहेबांनी धाकूदादाला समोर बसवलं आणि कपाटातला तो जुना दगड त्याच्या हातात दिला. "धाकू, नीट बघ. असली काळी चमक कुठे पाहिलीयस?"

धाकूदादाने दगड फिरवला, उन्हात धरला, परत फिरवला. इतका वेळ लावला की चाचासुद्धा चूल सोडून वळून बघायला लागले. मग दगड साहेबांच्या हातात देत म्हणाला, "न्हाय बा. आमच्याकडं असला दगड न्हाय. हितं निस्ता काळा फत्तर."

साहेबांचा चेहरा पडला. चाचा चुलीपाशी पुटपुटले, "पहिल्याच हप्त्यात नाही म्हणाला! पहाड बघितला सुद्धा नाही नीट!"

*

एक माझी फजिती सांगतो, म्हणजे तुम्हाला कळेल माझी काय अवस्था होती.

जानेवारी संपत आला तरी हाती काही नाही. त्या काळात मला जमिनीवर चमकणारं काहीही दिसलं की मी वाकायचो. एकदा काशीदच्या किनाऱ्याने येताना ओढ्याच्या तोंडाशी काळसर वाळूत मोठे मोठे पापुद्रे चमकताना दिसले. पातळ, गोलसर, करडे, कडेने पारदर्शक! मी खाली बसलो. नख लावलं तर पापुद्रा वाकला, तुटला नाही. साहेबांनीच शिकवलेलं, अभ्रक वाकतो!

रुमालभर गोळा केले आणि डोंगर धावत चढलो. वाटेत मनातल्या मनात सासऱ्यांना पत्रसुद्धा लिहून झालं. तसाच साहेबांसमोर जाऊन रुमाल उघडला.

साहेबांनी भिंग लावलं. एक बघितला, दुसरा बघितला. मग रुमाल तसाच चाचांकडे सरकवला. चाचांना भिंगाची गरज लागली नाही. त्यांनी नुसता वास घेतला.

"टिपणीस, हा जिताडा आहे! आणि चांगला पाच-सहा शेरांचा होता. खवलं आणलीत, मासा कुठे ठेवलात?"

पुढे महिनाभर कॅम्पवर मी कुठे निघालो की चाचा पाठीमागून ओरडायचे, "येताना मासा घेऊन या हो!"

*

टपाल मंगळवारी यायचं. काशीदहून माणूस वर चढून यायचा आणि तो दिसला की मी हातातलं पेन खाली ठेवायचो. ऑफिसचं पत्र दर वेळी तेच आणि दर वेळी आधीपेक्षा तुटक. 'जागा मिळाली काय?' मग नुसतं, 'जागा?' एकदा तर नुसतं प्रश्नचिन्ह आलं असतं तरी मला नवल वाटलं नसतं! साहेब पत्र वाचायचे, घडी घालायचे, उशीखाली ठेवायचे आणि जेवायला बसायचे नाहीत. मग मलाही घास उतरायचा नाही.

पेणहून कधीतरी सासऱ्यांचं कार्ड. त्यात हवापाणी, प्रकृती, आणि शेवटी 'कायम होण्याचे कुठवर आले' ही ओळ ठरलेली. ते आलं की उरलासुरला घास पण गेला.

एका मंगळवारी पानावर भात कमी दिसला म्हणून साहेब प्रथमच रागावले. "चाचा, तांदूळ संपलेत का? सांगायचं ना!"

"तांदूळ आहेत साहेब. पण आज मंगळवार. टपालवाला आला की दोन माणसं जेवत नाहीत. मी त्याला खालून येताना बघतो आणि त्या हिशेबाने तांदूळ टाकतो. पाकीट असलं तर तुमच्या दोघांचे निम्मे. पाकीट आणि कार्ड दोन्ही असलं, तर फक्त माझे आणि धाकूचे!"

साहेब हसायला लागले ते थांबेचनात. त्या दिवशी मात्र दोघंही जेवलो, आणि भात कमी पडला.

*

म्हसळ्याच्या वैद्यबुवांची गोष्ट तर साहेब पुढे स्वतःच सांगायचे.

मुरूडच्या बाजारात चाचांना कुणीतरी बातमी दिली की म्हसळ्याच्या एका वैद्याकडे काळा अभ्रक आहे. जाळून भस्म करतो आणि खोकल्यावर देतो. झालं! साहेबांनी त्या दिवशी चहासुद्धा उभ्यानेच घेतला. राजपुरीहून होडीने पलीकडे दिघी, तिथून मिळेल त्या गाडीने म्हसळा. धूळ खात पोचलो तेव्हा दुपार झालेली.

वैद्यबुवा ओसरीवर खल घेऊन बसलेले. साहेबांनी खोकल्याचं निमित्त केलं. खोटं खोकलेसुद्धा! बुवांनी नाडी बघितली, जीभ बघितली, आणि आत जाऊन डबा आणला. डब्यात काळा अभ्रक. अस्सल! वीतभर लांब पापुद्रे! साहेबांनी खोकणं विसरून डब्यात हात घातला.

"बुवा, हा... हा कुठला?"

"आता ते कशाला? औषधाचं मूळ विचारू नये."

साहेब अक्षरशः हात जोडून उभे राहिले. सरकारी माणूस आहे, नोकरीचा प्रश्न आहे, या ड्राफ्ट्समनचं लग्न आहे, सगळं सांगून टाकलं. माझं लग्न ऐकून बुवा विरघळले. आत जाऊन माल आलेलं खोकं घेऊन आले आणि त्यावरचा कागद पुढे केला. पार्सल बिहारचं होतं. साहेबांनी खाणीचं नाव वाचलं आणि पायरीवर बसले.

"काय झालं साहेब?" मी घाबरून विचारलं.

"काही नाही," साहेब म्हणाले. "मी सोडून आलो ना, तीच खाण."

येताना बुवांनी पुडी दिली ती दिलीच. साहेबांना होडीतल्या वाऱ्याने खरोखरच खोकला झाला, आणि ती पुडी त्यांना घ्यावी लागली!

*

आता हे पुढचं हसण्यासारखं नाही. पण ते गाळलं तर बाकीच्याला अर्थ राहत नाही.

फेब्रुवारीत कॅम्पजवळच्या माळवाडीच्या वरच्या अंगाला साहेबांना काळ्या दगडाची एक उभी भिंत सापडली. ही भिंत माणसाने बांधलेली नसते. जुना खडक भेगाळतो, त्या भेगेत खालून रस वर येऊन थिजतो आणि डोंगराच्या आरपार फरशी उभी केल्यासारखा राहतो. आमच्यात त्याला डाइक म्हणतात. चिठ्ठीत 'काळ्या दगडाची भिंत' लिहिलेलं ते हेच. वरून अभ्रक दिसत नव्हता, पण खात्याचा नियम असा की संशयाची भिंत दहा फूट खोल फोडून बघायची. दगडाच्या खाणीवरची माणसं बोलावली, सुरुंग लावले. दोन दिवस फोडलं. आत काही नाही. नुसता काळा फत्तर.

आठ दिवसांनी सकाळी माळवाडीची एक म्हातारी कॅम्पवर आली. डोक्यावर पितळी हंडा. साहेबांच्या तंबूसमोर तिने तो उतरवला. रिकामा.

"ह्यो भरून द्या," ती म्हणाली.

आम्हाला काही कळेना. धाकूदादाने खालच्या मानेने सांगितलं. डोंगरातलं पाणी त्या भिंतीला अडून साचायचं आणि तिच्या पायथ्याशी झऱ्यातून बाहेर यायचं. भिंत फुटली, आठ दिवसांत झरा गेला.

साहेबांनी हंडा उचलला, कॅम्पच्या पिंपातलं पाणी स्वतः भरलं आणि म्हातारीबरोबर माळवाडीपर्यंत डोक्यावर घेऊन गेले. सरकारी अधिकारी, टोपी काढून, डोक्यावर चुंबळ! दुसऱ्या दिवसापासून ते रोज सकाळी खात्याच्या जीपमधून काशीदच्या विहिरीवरून पिंपं भरून आणायचे आणि माळवाडीच्या खालच्या वाटेवर उतरवायचे. मग फिल्ड. एक दिवस चुकवला नाही.

मी एकदा धीर करून म्हटलं, "साहेब, आपण नियमानेच केलं ना?"

"हो," ते म्हणाले. "म्हणून तर झोप लागत नाही."

त्या दिवसापासून माझ्या धास्तीत आणखी एक धास्ती मिसळली. अभ्रक सापडला नाही तर मी घरी. आणि सापडला तर? तिथेही दहा फूट फोडणारच.

*

तरी शोध चालूच होता, आणि त्यात धाकूदादाचे वाघ!

माझा नकाशा भरत आला. काशीदपासून वर सगळे डोंगर रंगले, फक्त मध्ये एक पांढरा ठिपका राहिला. करंजवाडी आणि तिच्यावरची खिंड. तिकडे जायचं म्हटलं की धाकूदादाकडे काही ना काही असायचंच. "तिकडं वाघरू हाय." "तिकडं आग्या मव्हाळ हाय." "तिकडनं वाट न्हाय, घसारा हाय."

एकदा साहेब म्हणाले, "धाकू, तुझी बायको रोज भाकरी घेऊन तिकडूनच येते ना?"

"व्हय."

"मग वाघ तिला खात नाही?"

धाकूदादा अजिबात डगमगला नाही. "तिला वळखतो त्यो!"

आम्ही पोट धरून हसलो. चाचा म्हणाले, "त्या वाघाला आमची पण ओळख करून दे!" पण हसता हसता मी बघितलं, धाकूदादा हसत नव्हता. तो चाचांच्या चुलीकडे बघत होता. मला वाटलं, भूक लागली असेल.

*

मे उजाडला. ऑफिसचं शेवटचं पत्र आलं. महिनाअखेर कॅम्प उठवा, जागा असल्यास कळवा, नसल्यास ड्राफ्ट्समनला मोकळं करा. नावाने नाही हो, नुसतं 'ड्राफ्ट्समनला'! त्या दिवशी चाचांनी निम्मेसुद्धा तांदूळ टाकले नाहीत.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवायला बसलो. सहा महिन्यांत एक गोष्ट रोजची झाली होती. भातात काळं काळं काहीतरी यायचं. साहेब ते बोटाने बाजूला काढायचे आणि म्हणायचे, "चाचा, कांदा करपला." चाचा म्हणायचे, "साहेब, भातात कांदा घातलाच नाही." एवढं झालं की आम्ही जेवायचो. रोज!

त्या दिवशी साहेबांचं जेवणात लक्ष नव्हतं. काढलेलं काळं त्यांनी नुसतंच बोटात धरलं आणि नखाने टोकरत बसले. त्याचा पापुद्रा निघाला. मग आणखी एक निघाला. त्यांनी तो उन्हात धरला आणि उष्ट्या हातानेच खिशातून भिंग काढलं.

"टिपणीस," साहेब एकदम हळू आवाजात म्हणाले, "आपण सहा महिने काळा अभ्रक खातोय."

चाचांनी कपाळावर हात मारला. "या अल्ला! आणि मला कांद्याचा आळ!"

आम्ही तिघंही चुलीकडे धावलो. तेच तीन दगड. सहा महिने आच लागून वरून पार भुसभुशीत झालेले, आणि ढवळताना टोप घासला की त्यांचे पापुद्रे उडून भातात. चाचांनी पाणी ओतून चूल विझवली. साहेबांनी हातोडीने एक दगड फोडला. आत अंगठ्याच्या नखाएवढा काळा अभ्रक नुसता खच्चून भरलेला. कपाटातल्या दगडाचा सख्खा भाऊ!

मी उड्या मारल्या, खोटं कशाला सांगू? साहेबांना मिठी मारली. कायम झालो, लग्न झालं, सगळं त्या क्षणी झालं! साहेबांचे डोळे भरून आले होते.

आणि मग तिघांनाही एकदमच आठवलं, हे दगड कुणी आणले होते.

धाकूदादा तंबूच्या दोरीपाशी उभा होता. पळाला नाही, काही नाही.

"पयल्या दिशी मला काय म्हाईत तुमी काय हुडकताय," तो म्हणाला. "नंतर कळलं. चुलीतनं काढून नेले असते, तर चाचांनी बोंब मारली असती."

*

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब, मी आणि धाकूदादा करंजवाडीच्या खिंडीत गेलो. वाघ भेटला नाही. मव्हाळ नव्हतं. वाट चांगली बैल जाईल एवढी होती.

काळी भिंत डोंगराच्या आडवी उभी होती, माझ्या कमरेएवढी वर आलेली. तिच्या अंगात अभ्रक उन्हाने चमचम करत होता. शोधायची गरजच नव्हती. आणि भिंतीच्या पायथ्याशी झरा. मे महिना, सगळा डोंगर करपलेला, आणि इथे पाण्याला आवाज! बायका रांगेने उभ्या होत्या. करंजवाडीच्या होत्या, आणखी दोन वाड्यांच्या होत्या. रांगेच्या शेवटी पितळी हंडा घेऊन माळवाडीची ती म्हातारी होती. पिंपांचं पाणी पुरत नसे तेव्हा ती दोन डोंगर चढून इथे येत होती. तिने साहेबांना ओळखलं आणि पदर नीट केला.

भिंतीच्या एका कोपऱ्यावर हातोडीचे जुने घाव होते, पावसापाण्याने गुळगुळीत झालेले. साहेबांनी त्यावरून बोट फिरवलं.

"माज्या आज्याने आनलेला त्या गोऱ्या सायबाला," धाकूदादा म्हणाला. "आजा सांगायचा, सायेब हितं बसला, पानी प्यायला, लई येळ बसला, आन गेला. परत कोन आलं न्हाय."

 आमची दुसरी शिस्त म्हणजे चिठ्ठी जागेवरच लिहायची, जागा सोडून हलायचं नाही. साहेबांनी पडलेला एक तुकडा उचलला, दगडावर बसले आणि पेन काढून लिहायला लागले. नंबर. काळा अभ्रक. काळ्या दगडाच्या भिंतीतून. कुलाबा किनारा. जागा: करंजवाडीची खिंड, झऱ्याच्या वर. मी मागून वाचत होतो. एकेक अक्षर वाचताना माझ्या डोळ्यांसमोर पेणचं घर येत होतं. 

धाकूदादाला वाचता येत नव्हतं. तो चिठ्ठीकडे बघत नव्हताच, साहेबांच्या तोंडाकडे बघत होता. एका बाईने तांब्या भरून आणला. साहेब पाणी प्यायले. मग तांब्या माझ्याकडे आला, मीही प्यायलो. रांग हळूहळू पुढे सरकत होती. साहेब बसून राहिले. चिठ्ठी गुडघ्यावर, नजर त्या म्हातारीवर. तिचा नंबर आला, तिने हंडा भरला, चुंबळ ठेवली, हंडा डोक्यावर घेतला आणि उतरायला लागली. ती वळणाआड जाईपर्यंत साहेब हलले नाहीत.

"टिपणीस," ते म्हणाले, "तुमच्याकडे ते ब्लेड असतं ना?"

"असतं साहेब."

"द्या बघू."

मी खिशातली आगपेटी उघडली आणि ब्लेड दिलं. त्यांनी ते 'जागा'च्या पुढे कागदाला टेकवलं. पण त्यांचा हात इतका थरथरत होता की कागद फाटला असता. त्यांनी हात मागे घेतला, माझ्याकडे वर बघितलं आणि ब्लेड, चिठ्ठी दोन्ही पुढे केलं.

"मला नाही जमायचं. तुमचा हात बसलेला आहे."

मी दगडावर बसलो. चिठ्ठी मांडीवर सपाट केली. कागदाला सुरकुतीसुद्धा पडू दिली नाही.